कळव्याचा फोन

बाबा पहिल्यांदा माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला आले आणि चौथ्या दिवशी कंटाळले. टीव्ही झाला, सोसायटीला चकरा झाल्या, खालच्या वॉचमनचं गाव, तालुका, शेती सगळं विचारून झालं. मी घरूनच काम करत होतो. दुपारी पाऊण वाजता ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा लावला आणि माझ्या स्क्रीनकडे बघायला लागले.

स्क्रीनवर आमच्या कंपनीचा डॅशबोर्ड होता. महाराष्ट्रभरातले सौर प्रकल्प, प्रत्येकाचा आलेख. दुपारची वेळ, सगळे आलेख टेकडीसारखे वर गेलेले. उजव्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट होती, तिच्यावर लिहिलेलं 'औष्णिक बॅक-डाऊन' आणि खाली मेगावॅटचा आकडा. आकडा वाढत होता. ही चौकट माझी. दोन वर्षांपूर्वी एका डेमोसाठी रात्री जागून बनवलेली. सौर वीज चढली की कोळशाची किती खाली आली, ते ती दाखवते. क्लायंट लोकांना फार आवडते.

"हे हिरवं काहून आहे?" बाबांनी विचारलं.

"चांगली गोष्ट आहे म्हणून. तेवढा कोळसा जळला नाही."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कळव्याचा फोन आला असेल."

कळव्याचा फोन म्हणजे काय ते मला दुधाचे दात पडायच्या वयापासून माहीत आहे. बाबा चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होते, कंट्रोल रूममध्ये. राज्याला कुठल्या क्षणी किती वीज हवी, कुणी किती बनवायची, हा हिशोब राज्य भारप्रेषण केंद्र ठेवतं. पत्त्यावर ते ऐरोलीला आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी कळवाच. मागणी पडली की कळव्याचा फोन यायचा, लोड कमी करा. चढली की पुन्हा फोन, लोड वर घ्या. घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता सांगायचे, "आज दोनदा फोन आला," आणि शिफ्ट कशी गेली ते आईला तेवढ्यावरून कळायचं. माझ्या लहानपणी लोड कमी करायचा फोन मात्र क्वचित. तो भारनियमनाचा काळ होता. अर्धं राज्य अंधारात बसलेलं असताना लोड कमी करा असं कोण कशाला सांगेल?

आता तो फोन दुपारी दुपारी येतो आणि तो येण्यात माझ्या कामाचाही एक बारीकसा हात आहे.

वीजक्षेत्रात दिवस ९६ तुकड्यांत कापलेला असतो. प्रत्येक तुकडा पंधरा मिनिटांचा, त्याला ब्लॉक म्हणतात. उद्याच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये आपण किती वीज देऊ ते सौर प्रकल्पांनी आधी सांगायचं, आणि अंदाज ठरावीक टक्क्यांहून जास्त चुकला की पैसे भरायचे. महाराष्ट्रात हे नियम २०१८ साली आले आणि माझ्यासारख्या पोरांना पुण्यात नोकऱ्या मिळाल्या. उपग्रहाची चित्रं, हवामानाची मॉडेल्स आणि प्रकल्पांवरच्या सेन्सरचा डेटा घेऊन आम्ही ढग कुठून कुठे जाणार ते सांगतो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात माझा अर्धा दिवस खरंच ढग आला होता की सेन्सरवर कबुतर बसलं होतं, या वादात जातो.

तर दुपारी सौर भरात आलं की कोळशाच्या संचांना खाली यावं लागतं. मोठा संच पूर्ण बंद करून परत चालू करायला कित्येक तास जातात, वर तेल जाळावं लागतं. म्हणून दुपारी तो शक्यतो बंद करत नाहीत, मंद करतात, आणि सूर्य कलायला लागला की भराभर वर घेतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कोळशाच्या संचांना क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरता यायला हवं. या नियमावर मी ऑफिसात एक प्रेझेंटेशन दिलं होतं. त्यात 'फ्लेक्सिबिलिटी' हा शब्द अकरा वेळा होता (एका सहकाऱ्याने मोजला). बाबांना तेच समजावून सांगितलं तर म्हणाले, "रोज तापवायचं न् रोज निववायचं. बॉयलरचे हाडं नाही दुखत काय?" हाडं म्हणजे ट्यूब. असं रोज केलं की धातू थकतो, ट्यूब फुटायचं प्रमाण वाढतं. पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे, फक्त हाडं हा शब्द नाही.

---

मी ऊर्जानगरात वाढलो. केंद्राची वसाहत, दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पेरूचं झाड. खिडकीतून चिमण्या दिसायच्या. पक्षी नाही, धुराड्यांच्या. चोवीस तास एक खोल घुं असा आवाज असायचा आणि आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागायची नाही. मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो थांबला तेव्हा. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचं पाणी आटलं आणि केंद्रातले संच बंद ठेवायची वेळ आली. कोळशापासून वीज बनवायला पाणी किती लागतं ते तेव्हा सगळ्या चंद्रपूरला कळलं. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलो होतो आणि आई म्हणाली, कानात काहीतरी झाल्यासारखं वाटतंय.

चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४६-४७ अंश, त्याचं आम्हाला कौतुक नाही. कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं होतं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथं आलं. शाळेत आम्ही ते पोरं पोरं एकमेकांना असं सांगायचो जसा काही जिल्ह्याचा बोर्डात नंबर आलाय. आईला दमा आहे. तिच्या पर्समध्ये पंप असतो, देवघरात एक, फ्रिजवर एक. कशामुळे ते कुणी सांगितलं नाही. चंद्रपुरात खाणी आहेत, सिमेंट आहे, ट्रक आहेत, वीज आहे, आणि नुसता फुफाटाही आहे. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, 'धूळ टाळा'. आई ती फाइल दाखवून हसायची. टाळून जायचं कुठे?

म्हणजे कोळसा जावा असं मला मनापासून वाटतं. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच कोळशातून भरली गेली, बाबांच्या ओव्हरटाइममधून आणि पीएफवर काढलेल्या कर्जातून, तरीही वाटतं. यात मला विसंगती दिसत नाही. ज्या शेतीवर आपण शिकलो ती तोट्यातली आहे हे म्हणताना गावाकडच्या कुणाला दिसते का?

बाबांनाही तसंच वाटत असावं, पण ते कधी बोलले नाहीत. २०२२ साली निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, तुकूममध्ये घर बांधलं. केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली तेव्हा रांगेत पुढे होते. छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल बसवले, ७८ हजारांचं अनुदान मिळालं. आता रोज सकाळी उठून, चहाच्या आधी, ते ओल्या फडक्याने पॅनेल पुसतात. फडकं काळं होतं. मग मीटरचा आकडा वहीत लिहितात. वही तीच, कंट्रोल रूमच्या लॉगशीटसारखे रकाने आखलेली, वेळ, युनिट, शेरा. शेऱ्यात 'ढगाळ', 'माकडे', एकदा नुसतंच 'ठीक'. चांगल्या दिवशी बारा युनिट होतात. एकदा फोनवर म्हणाले, "आमचा ५०० मेगावॅटचा सेट एवढे युनिट सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बनवते." मी हिशोब करून पाहिला. बरोबर होता. बढाई होती की हळहळ, ते मला आवाजावरून कळलं नाही.

---

२०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत नेट झिरोचं वचन दिलं. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारायचीही घोषणा झाली. त्याच परिषदेत शेवटच्या तासांत कोळशाबद्दलच्या वाक्यातला 'फेज-आउट' भारताच्या आग्रहाने 'फेज-डाऊन' झाला. जगभर टीका झाली. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लाज, शरम वगैरे शब्द चालले होते. मीही एक तळहाताने तोंड झाकलेला इमोजी टाकला. रात्री घरी फोन केला तर बाबांनी बातमी पाहिलेली. म्हणाले, "आउट आणि डाऊनमध्ये फरक तर आहेच. एकात माणूस घरी जाते, दुसऱ्यात कंट्रोल रूममध्ये बसून राहते." त्यांच्यासाठी तो आंतरराष्ट्रीय राजकारणाचा शब्द नव्हता. शटडाऊन आणि बॅक-डाऊन हे दोन वेगवेगळे फोन होते.

पुढे २०२३ साली दुबईत जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं असं सगळ्या देशांनी मिळून लिहिलं. २०२५ च्या जुलैमध्ये बातमी आली की देशाच्या वीज क्षमतेतला निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. आमच्या ऑफिसात केक आला. मी आनंदाने खाल्ला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "क्षमता की युनिट?" क्षमता. युनिट मोजायला गेलं तर देशात बनणाऱ्या दर दहा युनिटांमधली सात अजून कोळशाचीच आहेत. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये देशाचं कोळसा उत्पादन एका आर्थिक वर्षात पहिल्यांदा १०० कोटी टनांपुढे गेलं होतं. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. सौर वाढतंय आणि कोळसाही वाढतोय, कारण मागणी दोघांपेक्षा भूक लागल्यासारखी वाढते आहे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता पुण्यात जितके एसी चालू असतात त्यातला एक माझा आहे, आणि रात्री अकरा वाजता सूर्य नसतो. साठवणुकीच्या बॅटऱ्या येतायत, स्वस्तही होतायत. पण आज रात्रीचा एसी कोळशावर चालतो.

म्हणजे कोळसा उद्या जात नाही. जातोय तो दुपारपुरता, ऋतूपुरता, एखाद्या ठिकाणापुरता. आणि यात कुणाचं काय होतं, ते मला माझ्या मित्रामुळे कळलं.

---

तो आणि मी शाळेत एका बाकावर. मी वसाहतीतला, तो गेटबाहेरच्या वस्तीतला. त्याचे वडील ठेकेदाराकडे रोजीने. आमच्याकडे वीज जात नसे, वस्तीत जायची. त्यामुळे दहावीच्या वर्षी तो संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायचा. आई दोघांना पोहे द्यायची. मला ८९ टक्के मिळाले, त्याला ७१. मी नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेलो, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाला. पुढे एका वीज केंद्रात लागला. कुठल्या ते सांगत नाही, त्याची रोजी आहे. लागला म्हणजे केंद्राने घेतला नाही, ठेकेदाराने घेतला. कोळसा हाताळणी विभाग, सगळे त्याला सीएचपी म्हणतात. पट्ट्यावरून सांडलेला कोळसा परत चढवायचा, रोलर बदलायचे, पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटून बसला की घण मारून मोकळा करायचा. "इलेक्ट्रिशियनचं काम काय करतो तिथं?" मी एकदा विचारलं होतं. "घणाचा करंट लागते ना हाताला," तो म्हणाला.

हजेरीवर पगार. संच चालला तर हजेरी. संच मंद असेल तर ठेकेदार चौदाऐवजी आठ जणांना बोलावतो, बंद असेल तर आणखी कमी. आणि कुठला संच आधी बंद होणार हे ठरतं स्वस्त-महाग वरून. भारप्रेषण केंद्र आधी स्वस्त वीज घेतं, महाग मागे ठेवतं. खाणीच्या दारातल्या केंद्राचा कोळसा स्वस्त पडतो. ज्याला कोळसा लांबून किंवा चढ्या भावाने आणावा लागतो, ते केंद्र यादीत खाली. मित्राचं केंद्र खाली आहे. ऑगस्टमध्ये पाऊस पडतो, शेतीपंप बंद असतात, मागणी उतरते, आणि नेमका तेव्हाच सातारा-धुळ्याकडे पवनचक्क्यांना जोरदार वारा असतो. वर पावसाने उघडीप दिली की सौरही. मग यादीतल्या खालच्या संचांना शून्य शेड्यूल मिळतं. आमच्या भाषेत रिझर्व्ह शटडाऊन. त्याच्या भाषेत 'बसून आहो'.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये तो असाच बसून असताना मी त्याला मार्ग दाखवला. हो, दाखवला. मला तेव्हा सगळं माहीत होतं. म्हटलं, कोळशात भविष्य नाही, सौरमध्ये ये. 'सूर्यमित्र' नावाचं सरकारी प्रशिक्षण आहे, आयटीआयवाल्यांसाठी, तीन महिन्यांचं, फुकट, राहणं-खाणं धरून. मीच फॉर्म भरला. तो नागपूरला राहून आला, मन लावून शिकला. इन्व्हर्टर, अर्थिंग, पॅनेलच्या माळा कशा जोडायच्या. सर्टिफिकेट हातात धरलेला फोटो त्याने पाठवला, तो मी लिंक्डइनवर टाकला. वर दोन परिच्छेद लिहिले. चारशेच्या वर लाइक आले. आमच्या सीईओनेही केला.

काम मिळालं मराठवाड्यात, शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी जे छोटे छोटे प्रकल्प उभे राहतायत त्यातल्या एकावर. ५ मेगावॅट, वीस-पंचवीस एकर, माळरान. उपठेकेदाराचा उपठेकेदार. दिवसाला सातशे रुपये. खांब, नटबोल्ट, पॅनेल, केबल. तो रोज संध्याकाळी फोटो पाठवायचा, निळ्या रांगा लांबत चाललेल्या. खूश होता. पहिल्यांदाच इलेक्ट्रिशियनचं काम करत होता, आणि थुंकी काळी येत नाही हे त्याने मला दोनदा सांगितलं.

चार महिन्यांत प्रकल्प उभा राहिला. सौरची हीच तर मजा आहे, भराभर उभं राहतं, मी प्रेझेंटेशनमध्ये हेच सांगतो. आणि उभं राहिलं की त्याला माणूस लागत नाही. त्या २५ एकरांवर आता दोन वॉचमन आहेत, दोघं त्याच गावचे. पॅनेल धुवायला महिन्यातून दोनदा टोळी येते. काही बिघडलं तर पुण्यात कुणाच्या तरी स्क्रीनवर लाल दिवा लागतो. तो दिवा लावणारं सॉफ्टवेअर आमच्यासारखीच एखादी कंपनी बनवते. शेवटच्या महिन्याचे पैसे उपठेकेदाराने अर्धेच दिले. पुढची साइट राजस्थानात, येतो काय म्हणाला. मित्राची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

तो परत आला आणि सीएचपीत लागला. मध्ये सहा-सात महिने नसल्यामुळे ठेकेदाराच्या यादीत सगळ्यात खाली. माझी लिंक्डइनची पोस्ट अजून तिथेच आहे. काढावी असं बरेचदा वाटतं. काढली तर तो विचारेल, काहून काढली.

---

दिवाळीत गेलो होतो. रेल्वेने, वर्ध्याहून खाली. माजरी आलं की रुळांच्या बाजूला कोळशाने भरलेल्या वाघिणी उभ्या दिसायला लागतात आणि मला घर आल्यासारखं वाटतं. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीतला निम्म्याच्या आसपास कोळसाच असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवलं जातं. म्हणजे माझं स्लीपरचं तिकीटही थोडं काळंच.

मित्र टपरीवर भेटला. मी त्याला ब्रिटनचं सांगितलं. तिथलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर वीज बनवायला सुरुवात झाली, त्याला १४२ वर्षं झाली होती. मला त्यात बंद होण्याचं एवढं कौतुक नाही. मला हे आवडतं की तिथल्या सरकारने २०१५ सालीच सांगितलं होतं, दहा वर्षांत बंद करणार. तिथे कोळसा सांडलेला गोळा करणाऱ्यालाही तारीख माहीत होती.

"आपल्याकडं कोणती तारीख आहे?" त्याने विचारलं.

"२०७०."

"तेव्हा आपण?"

"बहात्तर-त्र्याहत्तर."

त्याने खिशातून गेटपास काढून टेबलावर ठेवला. त्यावर डिसेंबर लिहिलं होतं.

मग मी त्याला पैशांबद्दल सांगायला लागलो. माझी वाईट सवय आहे, समोरचा गप्प बसला की आकडे सांगायची. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला, स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पाचशे मेगावॅटचा संच पूर्ण लोडवर दिवसाला आठेक हजार टन कोळसा जाळतो, म्हणजे एका संचाचे दिवसाला तीस लाखांवर. २०१७ ला जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकरही गेला, त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी वाढला. दुसरा आहे जिल्हा खनिज निधी, २०१५ पासूनचा. खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या हिशोबात जिल्ह्याला पैसे द्यायचे, खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य यावर खर्च करायचे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात तो निधी मोठा असतो. यातूनच कोळशानंतरची तयारी करता येईल असं बरेच अभ्यासक म्हणतात, आणि मलाही पटतं. फक्त तो भरतो कोळसा खणला जातोय तोवरच. खाण थांबली की निधीही आटला. म्हणजे जे काही करायचं ते आत्ता, खाणी जोरात असताना करायला हवं. आणि खाणी जोरात असताना ते कुणाच्या डोक्यात येत नाही.

"झालं काय?" मित्र म्हणाला.

"झालं."

"चहा थंडा झाला तुझा."

बाबांच्या केंद्रातले एक आणि दोन नंबरचे जुने संच बंद झाले, ते मला आठवतं. २१० मेगावॅटचे दोन. त्या सुमारास आठ आणि नऊ नंबर आले, कायम कामगार तिकडे गेले. कुणाचा पगार एक दिवस चुकला नाही. बाबा त्या दिवशी जुन्या कंट्रोल रूममधून एक लाकडी फूटपट्टी घरी घेऊन आले, एवढंच. म्हणजे एखादं धुराडं थंड होताना माणसं नीट उचलून दुसरीकडे ठेवता येतात, हे आम्हाला जमतं. ज्यांची नावं आस्थापनेच्या यादीत आहेत त्यांच्या बाबतीत जमतं. आमच्या ९६ ब्लॉकच्या फाइलमध्ये प्रत्येक संचाचं नाव आहे, त्याची क्षमता आहे, चढा-उतरायचा वेग आहे, युनिटचा दर आहे. दहा वर्षांनी यातला कुठला संच चालणार, कुठला नाही, याचा अंदाज त्याच फाइलवरून बराचसा बांधता येतो. त्या संचामागे ठेकेदाराकडचे किती जण आहेत, हा रकाना कुठल्याच फाइलमध्ये मी पाहिलेला नाही. रकाना असता तर सूर्यमित्र त्यांच्यासाठी, त्यांच्या गावाजवळच्या कामासाठी, संच बंद व्हायच्या दोन वर्षं आधी उघडता आला असता. मी फॉर्म भरून दिला तसा नाही.

पुण्याला परत आल्यावर मी डॅशबोर्डवरच्या त्या चौकटीचा हिरवा रंग काढून राखाडी केला. एका ओळीचा बदल. रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने विचारलं, कारण? मी लिहिलं, डोळ्यांना बरं वाटतं. त्याने अंगठा दिला. याने कुणाचं काही भलं झालं नाही, हे मलाही कळतं.

भलं नाही, पण एक उपयोग मात्र माझा मित्राने स्वतःच शोधून काढला. ते गमतीत सुरू झालं. एका रात्री त्याचा मेसेज आला, "उद्या ऊन हाये का तुमच्याकडं?" मला वाटलं सहज विचारतोय. मी सोलापूर, बीड, धुळे बघितलं आणि सांगितलं, दिवसभर ढग. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलावणं आलं. तेव्हापासून तो विचारतो. एका ढगावर त्याची हजेरी ठरत नाही, मागणी असते, कोळशाचा साठा असतो, बाकीचे संच असतात, हे मी त्याला दहादा सांगितलंय. तो म्हणतो, माहीत हाये, तरी सांग. यात गुपित काही नाही, कुठल्याही हवामानाच्या अॅपवर दिसतं. पण त्याला ते माझ्याकडून हवं असतं. आणि मला लाज वाटते ती याची की रात्री मॉडेल उघडताना मी हल्ली ढग शोधतो. ज्याचा पगार ढग नसण्यावर आहे असा मी, सोलापूरवर एखादा जाड पट्टा सरकताना दिसला की बरं वाटून घेतो.

मागच्या ऑगस्टमध्ये नऊ दिवस त्याचा संच बंद होता. त्याच आठवड्यात आमचा अंदाज इतका अचूक आला की कंपनीने टीमला जेवण दिलं. मी हॉटेलातून घरी येत होतो, रिक्षात होतो, तेव्हा त्याचा मेसेज आला.

"उद्या?"

मी फोनवरच मॉडेल उघडलं. पूर्ण नकाशा मोकळा. खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं.

"ऊन आहे," मी लिहिलं.

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग त्याने लिहिलं, "आणि वारा?"

"वारा पण आहे."